धोट्याचा बाण

आमच्या देव्हाऱ्यात गणपती, कुलदेवीचा टाक, रांगता बाळकृष्ण आणि एक धोटा असे चौघे राहतात. धोटा म्हणजे गिरणीत कापड विणताना आडवा धागा पोटात घेऊन साच्याच्या, म्हणजे मागाच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारं लाकूड. दीड-दोन वितींचं, दोन्हीकडे निमुळतं, मधे धाग्याच्या कांडीसाठी पोकळ आणि टोकांना लोखंडी अण्या. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत एके काळी हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. आता ऑफिसातल्या मुलींना सांगितलं तर त्या विचारतात, "मॅडम, हाताने फेकायचे का?"

बाबा साळखात्यात होते, म्हणजे विणण्याच्या खात्यात. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांनी हा धोटा घरी आणला. कसा आणला ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. तिने तो पुसला, त्याला तेल लावलं आणि देवात ठेवला. तेव्हापासून दर खंडेनवमीला, घरोघरी हत्यारांची पूजा होते तेव्हा, ती त्याला पुन्हा तेल चोळते, हळदकुंकू लावते आणि झेंडूचं फूल ठेवते. बाबा गेल्यावरही यात कधी खंड पडला नाही. उलट तेल जरा वाढलंच.

बाबा बोलघेवडे होते. गावच्या खाडीत त्यांनी पकडलेला मासा दर गणपतीत वीतभर वाढायचा. आई त्यांना तोंडावर थापाडे म्हणायची आणि ते हसून आणखी एक थाप मारायचे. धोट्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "तो दिसतच नाही. साचा सुरू झाला की धोटा समोरून जातो, पण दिसत नाही. नुसता आवाज." यावर आई नाक मुरडायची. एवढं हातभर लाकूड डोळ्यांसमोरून जातंय आणि दिसत नाही म्हणजे काय? पण तिला खोटं पाडता यायचं नाही, कारण ती कधी आत गेलीच नव्हती. डबा घेऊन गिरणीच्या दारापर्यंत जायची, तिथून डबा आत आणि ती परत. बाबांनी ज्याच्यासमोर उभं राहून जन्म काढला तो साचा चालताना तिने एकदाही पाहिला नाही.

माझा या गोष्टीत शिरकाव झाला तो आखडलेल्या खांद्यामुळे. पन्नाशीत माझा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी भिंतीवरून बोटं वर वर न्यायचा व्यायाम सांगितला. मला असल्या सोशिक गोष्टींचा भयंकर राग येतो. कसाबसा खांदा सुटला, तेव्हा कळलं की दादरला एका शाळेच्या मागच्या मैदानात रविवारी सकाळी काही माणसं लाकडी धनुष्याने नेम मारतात. म्हटलं, खांदा ओढायचाच आहे तर दुसऱ्या टोकाला निदान बाण तरी असू दे. पहिल्या दिवशी धनुष्य घेऊन घरी आले तर गॅलरीतल्या शेजारणीने विचारलं, "काय गं, निवडणुकीला उभी राहतेस की काय?"

तिथे शिकवणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. मीही म्हणते, जरी माझ्या वयाला कुणाला सर म्हणणं जिवावर येतं. माझे पाइनच्या काडीचे बाण पटापट मोडायचे आणि नेहमी एकाच जागी, टोकाच्या थोडं मागे. मी चिडून तुकडे सरांपुढे धरले. त्यांनी आपल्या भात्यातून एक बाण काढून माझ्या हातात दिला.

मी तो बाण बघतच राहिले. मागचा सगळा भाग पाइनचा, फिकट. पुढचा वीतभर भाग मात्र काळसर, तपकिरी, दुसऱ्याच लाकडाचा. आणि जिथे दोन लाकडं भेटत होती तिथे सरळ रेघ नव्हती. काळं लाकूड लांब निमुळत्या जिभांनी फिकटात शिरलं होतं आणि शेवटी इतकं बारीक झालं होतं की कुठे संपलं ते सांगता येईना. मी डोळे मिटून त्यावरून नख फिरवलं. सांधा लागला नाही. दोन झाडं, बहुधा दोन देशांतली, एकमेकांत अशी मुरली होती की बोटाला एकच वाटावीत. माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या तेवढ्या गोष्टीने माझ्या अंगावर काटा येत नाही.

अशा बाणाला पाय लावलेला बाण म्हणतात. पुढच्या टोकाला पाय का म्हणायचं ते सरांनाही माहीत नव्हतं. कारण मात्र त्यांनी नीट सांगितलं. पाइन हलकं म्हणून उडायला चांगलं, पण धक्का बसतो पुढे, म्हणून पुढे कठीण, जड, घट्ट रेषांचं लाकूड जोडायचं. "घरी होतं," सर म्हणाले. "करवत, रंधा आणि चिकाटी. तुमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी आहेत का?"

तिसरी नाही हे त्यांनी न विचारताच ठरवलं होतं. मग तर मला करणं भागच होतं.

कठीण लाकूड मात्र मिळेना. वखारीत विचारलं तर ते ओंडक्याच्या भाषेत बोलत होते, आणि मला हवा होता बोटभर तुकडा. शेवटी घरातलं जुनं लाटणं कापलं. त्याच्या रेषा आतून पिळलेल्या निघाल्या आणि ते उभं चिरलं. आईने तुकडे बघितले आणि म्हणाली, "आता चपाते माझ्या कपाळार लाटतलंस?" ती मूळची मालवणकडची, आणि रागावली की मुंबईतली सगळी वर्षं तिच्या बोलण्यातून गळून पडतात.

पण ती रागावली नव्हती. दोन दिवस ती माझी खटपट बघत होती. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिने देव्हाऱ्यातून धोटा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्याचो होयत?" तिने विचारलं.

धोट्याचं लाकूड मी आजवर कधी लाकूड म्हणून बघितलंच नव्हतं. आता बघितलं. जड. रेषा इतक्या बारीक की मोजता येऊ नयेत. एक कड घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झालेली. याहून चांगलं लाकूड मला कुठल्याही वखारीत मिळालं नसतं. तरी मी म्हटलं, "आई, देवातलं कापायचं?"

"देव न्हय तो. धोटो तो. पळाक केलेलो." मग थोडं थांबून म्हणाली, "आम्ही त्याका बसवन ठेवलो. माका एकदा तो पळताना बघूचो आसा."

एवढंच. बाबा गेल्यापासून तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. दिवाळीनंतर तिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. डोळे स्वच्छ झाले की बघेन, असा तिचा हिशेब होता. तिने एकच अट घातली. धोट्याचं एकच टोक कापायचं. दुसऱ्याला हात लावलास तर बघ. म्हणजे चुकायला फारशी जागा नव्हती.

लोखंडी अणी ठोकून काढली आणि हॅक्सॉने ते टोक कापलं. पाट उलटा टाकून, गुडघ्याने दाबून. भुसा तांबूस पडला, कॉफीसारखा. त्या भरीव टोकाच्या उभ्या चार काड्या निघाल्या, मधल्या बोटापेक्षा जरा लांब, चौकोनी. कृती ऐकायला सोपी आहे. पाइनच्या काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं चपटं करायचं. कठीण लाकडाला उभी चीर पाडायची, शेवटपर्यंत नाही, अर्ध्याच्या थोडं पुढे. ती पाचर त्या चिरेत बसवायची, गम लावायचा, करकचून बांधायचं. वाळलं की चौकोनी लाकूड रंध्याने तासून गोल करायचं. तासता तासता कोपरे जातात आणि त्या जिभा आपोआप उमटतात. कुणी कोरत नाही. हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं.

पहिल्या काडीत माझी चीर तिरकी गेली आणि एक बाजू तुटून हातात आली. मी तो तुकडा रागाने भिंतीवर मारला. आईने तो उचलला, पदराने पुसला आणि देव्हाऱ्यात उरलेल्या धोट्याशेजारी ठेवला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसरीत चीर सरळ गेली, पण पाचर शिरताना लाकूड फाकायला तयार होईना. जोर केला असता तर फाटलं असतं. सर म्हणाले होते, वाफ द्या. मी इडलीपात्रात पाणी उकळलं आणि काडी चाळणीवर ठेवून झाकण लावलं. थोड्या वेळाने झाकण काढलं तर वाफेबरोबर एक वास घरभर पसरला. तेलाचा, कापसाच्या धुळीचा, गरम लोखंडाचा. आई पलीकडे भाजी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"ह्यांचो शर्ट," ती म्हणाली.

मीही ओळखला तो वास. बाबा पाळी संपवून यायचे तेव्हा दारात आधी हा वास यायचा आणि मागून ते. इतकी वर्षं तो या लाकडात गप्प बसून होता आणि आमच्या इडलीपात्रात बाहेर आला. आम्ही दोघी गॅस बंद करायचं विसरून तशाच राहिलो. लाकूड काही विसरत नाही, हे मी तोवर नुसतं बोलायला म्हणून बोलले असते.

वाफेने लाकूड मऊ झालं, पाचर बसली. तसंच बांधून वाळवलं, मग सोडवून गम लावला आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून गुंडाळली. दोन दिवस हात लावला नाही. माझ्यासारखीला हे किती कठीण गेलं ते सांगत नाही. मग दोन पट्ट्या कोनात ठोकून पन्हळ केली, त्यात बाण आडवा ठेवला आणि छोट्या रंध्याने तासायला घेतला. आधी चौकोनाचा अष्टकोन, मग हळूहळू गोल. आणि जिभा उमटायला लागल्या. प्रत्येक हाताला थोड्या लांब, थोड्या बारीक. मी आईला हाक मारली. ती नाकाशी बाण धरून बघत राहिली. एका डोळ्याने जेवढं दिसलं तेवढं.

मग सरांनी शिकवल्याप्रमाणे बाण दोन्ही हातांत धरून मी जरासा वाकवून बघितला. टक् असा आवाज झाला आणि सांधा उघडला.

गम लाकडाला धरलाच नव्हता. दुधावरची साय निघावी तसा अख्खा पापुद्रा सुटून आला. मी पुन्हा पुन्हा बघत होते आणि कारण कळत नव्हतं. बोट फिरवलं तर बोट ओशट झालं. तेव्हा ट्यूब पेटली. तेल. गिरणीत धोट्याला तेल पाजतात, आणि त्यानंतर इतक्या खंडेनवम्या आईने हाताने चोळून चोळून पाजलेलं. पुजलेल्या लाकडाला गम धरत नाही.

मी हे मोठ्याने बोलले आणि बोलल्यावर आईचं तोंड बघितलं.

"मीच लावलंय ता," ती म्हणाली. "इतक्या मायेन लावी होतंय."

मला तिची इतकी दया आली की मी तिच्यावरच ओरडले, आता रडायला लागू नकोस म्हणून. ती रडत नव्हतीच. ती विचार करत होती. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर उरलेल्या दोन्ही काड्या ताटलीत बेसनाने माखून बसल्या होत्या. दिवाळीत अभ्यंगस्नानाला तेल काढायचं तसं ती धोट्याचं तेल काढत होती. मी हसून हसून जमिनीवर बसले. तीही हसली. बेसन खरंच पिवळं, तेलकट झालं होतं, पण तेल आतपर्यंत होतं. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, आधी चीर पाडा, मग आतल्या बाजू ताज्या खरवडा, थिनरच्या फडक्याने पुसा, फडकं कोरं निघेपर्यंत पुसा, आणि दोन ट्यूबा एकत्र कालवून लावायचा तो गम लगेच लावा. तेल परत वर यायच्या आत.

आम्ही दोघी गॅलरीत बसलो, खोलीत थिनरचा वास नको म्हणून. तिसरी काडी. मी पुसायची, फडकं तिच्याकडे द्यायची, ती उजेडात धरून बघायची. पहिलं फडकं तपकिरी निघालं. मग पिवळं. मग थोडं पिवळं. प्रत्येक फडक्याकडे ती जरा जास्तच वेळ बघत होती. शेजारीण येऊन विचारून गेली, कुणाची जखम पुसताय का. शेवटी फडकं पांढरं आलं. आईने मान हलवली आणि मी गम लावला.

हा सांधा उघडला नाही. वाकवून बघितला, आणखी वाकवून बघितला. पाइन वाकलं, धोटा वाकला, दोघे मिळून वाकले आणि मिळून सरळ झाले. पॉलिश पेपर मारल्यावर जिभा अशा निघाल्या की, पुढे लोखंडी टोक आणि मागे पिसं बसवून रविवारी नेला तेव्हा सरांनी तो बाण माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. मी त्यांच्या चिकाटीच्या बोलण्याची त्यांना आठवण करून दिली नाही. मोठा मोह आवरला.

आईचा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर तिने गॅलरीतून समोरच्या टॉवरच्या वरच्या मजल्यावरचे कपडे कुठल्या रंगाचे आहेत ते सांगितलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "किती म्हातारी झालंस गो." डोळे उत्तम होते, वादच नाही.

मैदानात मी तिला खुर्ची माझ्यामागे ठेवली, बाण जाताना तिथून सगळ्यात चांगला दिसतो म्हणून. ती खुर्चीत बसलीच नाही. बाजूला बांधलेल्या दोरीच्या कडेकडेने चालत गेली आणि मी आणि निशाण यांच्या बरोबर मधे, दोरीच्या बाहेर उभी राहिली. मी ओरडले की तिथून काही दिसायचं नाही, बाण आडवा जाईल. तिने हाताने मला गप्प केलं. सरांनी जाऊन अंतर बघितलं, तिला आणखी चार पावलं मागे घेतलं आणि मला खूण केली. मग माझ्या लक्षात आलं ती कुठे उभी होती ते. विणकर साच्यासमोर उभा राहतो. धोटा त्याच्यासमोरून आडवा जातो.

मी बाण लावला. बाण मोडला तर? निशाणाच्या चौकटीवर आपटला तर? पुढच्या टोकाला बाबांच्या हाताखालून गेलेलं लाकूड होतं आणि पुढे, दोरीपलीकडे, आई ऊन अडवायला कपाळावर हात धरून उभी होती, पापणी न लवता. मी धनुष्याची दोरी ओढली, खांदा कुरकुरला, आणि सोडलं.

एक सुसाट आवाज, आणि पलीकडे धप्प.

आई तशीच उभी. नजर जिथे होती तिथेच, समोरच्या रिकाम्या हवेत. मी धावत गेले. मला वाटलं तिला कळलंच नाही की बाण सुटला.

"आई, गेला. लागला पण. बघितलास?"

तिने हळूच मान हलवली. नाही.

"दिसाक नाय," ती म्हणाली. नव्या डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि ती हसत होती. "आवाज इलो फक्त. डोळ्यांसमोरसून गेलो आणि दिसाक नाय." मग पदराने तोंड पुसत, माझ्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलावं तशी म्हणाली, "खरां सांगत होते हे. माका वाटी, थापा मारतत."

सरांनी बाण उपसून आणला. धोट्याचा पाय शाबूत होता. मी तो आईकडे दिला. तिने त्याला बोट लावून बघितलं, लोखंडी टोक पळून गरम झालंय का ते, आणि मला परत केला.

"परत मार," ती म्हणाली, आणि दोरीपाशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.